जुन्या डिझेल इंजिनात डिकोडर: आठ महिने चालवल्यानंतर

माझ्याकडे मॉडेल रेल्वेचं, एचओ मापाचं (1:87), साध्या डीसीवर चालणारं जुनं डिझेल इंजिन होतं. ते डिजिटलवर चालवायचं तर आत डिकोडर लागतो, म्हणजे रुळांतून येणारे हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी सर्किटची पाटी. त्यात सॉकेट नव्हतं, म्हणून सुट्या तारांचा, एक अँपिअरचा साधा डिकोडर घेऊन स्वतःच बसवला. गेले आठ महिने ते इंजिन जवळपास रोज पळतंय. डिकोडरबद्दल माझी तक्रार नाही. जो काही मनस्ताप झाला तो त्याच्या आजूबाजूच्या धातूमुळे, त्यामुळे जास्त लिहितोय तेही त्याबद्दलच.

पहिल्या संध्याकाळी तारा रंगाबरहुकूम जोडल्या. लाल आणि काळी चाकांकडे, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी दिव्यांची सामाईक, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर ठेवलं. कमांड स्टेशन (हुकूम पाठवणारा कंट्रोलर) म्हणालं, डिकोडर सापडत नाही. पुन्हा वाचून पाहिलं, तेच. त्या क्षणी इंजिन मुख्य रुळांवर ठेवून बघायचा मोह झाला होता. ठेवलं असतं तर डिकोडर जळाला असता. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर करंट मर्यादित असतो, म्हणून चूक पोटात असूनही काही जळत नाही. शिवाय डिकोडर तिथे उत्तर देतो ते साधारण 6 मिलिसेकंद किमान 60 मिलिअँपिअर जादा करंट ओढून, आणि हा करंट बहुतेक वेळा मोटरमधूनच जातो. मोटरच्या जोडणीत घोळ असला की उत्तर पोचतच नाही.

सगळ्या तारा सोडवल्या, मीटर बीपवर लावला (दोन टोकांत जोडणी असली की तो वाजतो). एक टोक उजव्या चाकाला, दुसरं मोटरच्या खालच्या ब्रशला (मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा). बीप! अशा जुन्या इंजिनांत चासीच (धातूचा सांगाडा) एका रुळाची तार असते आणि खालचा ब्रश पत्र्याच्या पट्टीने तिला टेकलेला असतो. डीसीसाठी ती वाट लागतेच. डिजिटलमध्ये मात्र रुळांचा करंट त्याच वाटेने थेट डिकोडरच्या मोटरकडच्या बाजूत घुसतो. मोटर बाहेर काढली, पट्टी कापली, खाली कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) दोन थर दिले आणि मोटर धरणारे धातूचे स्क्रू काढून नायलॉनचे लावले. दोन्ही ब्रश एकेक करून दोन्ही बाजूंच्या चाकांशी आणि चासीशी तपासले. मीटर पूर्ण गप्प झाल्यावरच पुन्हा सोल्डरिंग केलं. या वेळी डिकोडरने झटक्यात आपला पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, सांगितला: 3, कोऱ्या डिकोडरचा असतो तोच.

हळू वेगात इंजिन अडखळत होतं. मोटरवर जुना कपॅसिटर तसाच राहिला होता. तो काढल्यावर बॅक ईएमएफचं (फिरत्या मोटरच्या उलट व्होल्टेजवरून डिकोडर तिचा वेग ओळखून सांभाळतो) काम सुरळीत झालं आणि इंजिन गोगलगायीसारखं सरकू लागलं. ती चाल पाहून जे समाधान मिळालं त्यासाठी सगळा खटाटोप पुन्हा करायला मी तयार आहे.

चौथ्या महिन्यात नवीनच दुखणं निघालं. सरळ रुळांवर सगळं ठीक, पण डावीकडच्या वळणावर शॉर्ट, तेही कधी तरीच. रूळ घासले, सांधे तपासले, दोन दिवस गेले. शेवटी इंजिन उलटं धरलं, मीटर करड्या तारेला आणि चासीला लावला आणि पुढची बोगी बोटाने हळूहळू वळवली. अगदी टोकाला गेल्यावर बारीकशी बीप आली. वर पाहिलं तर करड्या तारेचं आवरण चासीच्या कडेवर घासून केसभर सोललेलं होतं आणि बोगी वळली की तार तिथेच दाबली जायची. तार बदलली, नव्या तारेवर हीटश्रिंक नळी चढवली आणि ती बोगीपासून दूर, छताच्या बाजूने नेली. त्यानंतर आजवर एकदाही शॉर्ट नाही. म्हणून सांगतो, बीप तपासताना इंजिन नुसतं टेबलावर ठेवू नका, बोग्या दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

आणखी एक चूक उष्णतेची. सुरुवातीला डिकोडर टेपमध्ये पूर्ण गुंडाळला होता. वीसेक मिनिटं डबे ओढले की इंजिन आपोआप थांबायचं, थंड झालं की पुन्हा चालायचं. आता टेप फक्त चासीवर आहे, डिकोडर उघडा. काळी इन्सुलेशन टेप तर वापरूच नका, गरम झाली की तिचा डिंक सगळीकडे पसरतो.

दिव्यांना एलईडी आणि प्रत्येकी एक किलोओहमचा रेझिस्टर लावलाय, त्यात काहीच अडचण आली नाही. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग. सीव्ही 29 मध्ये 6 होतं, ते 2 केलं. त्याने डीसीवर चालायची मुभा बंद होते. त्याआधी दोनदा शॉर्टनंतर इंजिन आपल्याआप सुसाट सुटलं होतं, ते थांबलं.

गेल्या महिन्यात कीप अलाइव्ह जोडलं, म्हणजे रुळांतली वीज क्षणभर तुटली तरी डिकोडर चालू ठेवणारा कपॅसिटरचा साठा. मळक्या पॉइंटांवर (रूळ बदलायच्या जागी) इंजिन आता अडत नाही, पण प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही वाचता येत नाहीत. त्यासाठी त्याच्या तारेत बारीक प्लग टाकलाय. वाचायचं असेल तेव्हा तो काढतो.