१ डॉलर: १८९६ ची की १८९९ ची?
जुन्या अमेरिकन नोटांत पहिली कोणती घ्यावी? या दोन्ही सिल्व्हर सर्टिफिकेट, म्हणजे तेव्हा बदल्यात चांदी मिळायची अशा नोटा; दोन्ही जुन्या मोठ्या आकाराच्या. १८९६ च्या नोटेवर इतिहासदेवता शेजारच्या मुलाला वॉशिंग्टन शहर दाखवतेय. उजवीकडे राज्यघटनेचं पान, कडेच्या पर्णमाळांत लाँगफेलो, मोर्स, लिंकन अशा नामवंत अमेरिकनांची नावं. मागच्या बाजूला जॉर्ज आणि मार्था वॉशिंग्टन. भिंग घेऊन बसलं की तास कसा जातो कळत नाही! इतकं देखणं कोरीवकाम मी दुसऱ्या नोटेवर पाहिलेलं नाही. पण चांगली प्रत महागच.

१८९९ ची ‘ब्लॅक ईगल’ साधी: ध्वजावर गरुड, खाली राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि ग्रँट. भरपूर छापली गेली, म्हणून बरीच स्वस्त. सुरुवात हिनेच करा. फक्त धुतलेली, इस्त्रीने घडी मोडलेली नोट नको. उजेडात तिरपी धरून पाहा.