गोवर येऊन गेलेला बरा की लस?

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कुठल्याही वाडीत जुनी माणसं सांगतात, गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही. हे खरंच आहे. 1846 साली उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम या डॅनिश डॉक्टरला दिसलं, की 1781 च्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना 65 वर्षांनंतरही तो झाला नाही. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, ठाण मांडलेल्या पेशी वर्षानुवर्षं प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं, बनवत राहतात. टिकाऊपणात आजार लसीच्या थोडा पुढेच आहे, हे मान्य करायला हवं.

पण त्यासाठी मोजावं काय लागतं? गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच, म्हणजे आधी भेटलेले रोगजंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशींनाच, गाठून मारतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. म्हणजे मूल गोवरातून उठतं आणि पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनियापुढे पुन्हा उघडं पडतं. शिवाय मेंदूला सूज, डोळे जाणं, आणि क्वचित काही वर्षांनी मेंदू झिजवणारा जीवघेणा आजार. मला हा सौदा कुणाच्याच लेकरासाठी नको वाटतो.

लसीतला विषाणू जिवंतच असतो, पण दुबळा केलेला. तो नवी स्मृती देतो, जुनी पुसत नाही. एका डोसनं काही मुलांत ती तयार होत नाही, म्हणून दुसरा. पहिला 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत; सरकारी लसीकरणात दोन्ही फुकट. गणपतीला मुंबईहून गाड्या गच्च भरून येतात आणि गोवर हवेतून पसरतो. दुसरा डोस राहिला असेल तर त्याआधीच आशाताईंना गाठा.