ईएमची 'जुनी काढा, नवी घाला' चाकं: काही महिने वापरल्यावर, ब्रेकसकट

"मापं टॉलरन्समध्येच आहेत" (म्हणजे मान्य फरकाच्या आत) हे मॉडेल रेल्वेची चाकं विकणाऱ्या विक्रेत्याचं उत्तर माझ्या तक्रारीवर परवा पुन्हा आलं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. वस्तू साधी आहे. ओओच्या (16.5 मिमी रुंद रुळाच्या) वाघिणी, म्हणजे मालगाडीचे छोटे डबे, ईएमवर (18.2 मिमीच्या रुळावर) न्यायला लागणारी तयार चाकजोडी: 12 मिमी व्यास, 26 मिमीचा टोकदार आस, बॅक-टू-बॅक, म्हणजे दोन चाकांच्या आतल्या चेहऱ्यांमधलं अंतर, 16.5. पाकिटावर छापलंय, जुनी काढा, नवी घाला. चाकांपुरतं ते खरं आहे. वाघिणीपुरतं नाही, आणि माझी चिडचिड सगळी तिथेच आहे.

आधी कौतुक करून घेतो. 16.5 च्या रुळावरची 4 मिमी स्केलची (एक फूट म्हणजे 4 मिमी) वाघीण म्हणजे खऱ्या हिशेबाने चार फूट दीड इंचाच्या रुळावर उभी. खऱ्या ब्रिटिश रुळापेक्षा पुरते सात इंच कमी. बाजूने बघताना हे जाणवत नाही. रुळाच्या पातळीला डोळा आणून बफरच्या बाजूने बघा, म्हणजे काड्यांसारख्या पायांवर तोललेला जाडा माणूस दिसेल. 18.2 वर गाडीला बूड येतं. चाकाची जाडीही 2.8 वरून 2.3 वर उतरते, आणि खरं सांगायचं तर अर्धी शोभा ह्या बारीक चाकाचीच आहे. पी-4 ह्या आणखी काटेकोर मापाच्या 18.83 पर्यंत राहिलेले 0.63 मिमी मी सोडून दिलेत. तिथे फ्लँज (चाकाची आतली उंच कड) इतकी छोटी की प्रत्येक वाघिणीला स्प्रिंग नाहीतर हलता आस द्यावा लागतो. ईएमवर छोट्या व्हीलबेसची (आसांमधल्या अंतराची) चारचाकी वाघीण तशीच्या तशी चालते. मला गाड्या चालवायच्या आहेत, आयुष्यभर आसच बसवत राहायचे नाहीत.

ह्या पाकिटांआधी फुकटचा मार्ग वापरत होतो: कंपनीची मूळ चाकं त्याच आसावर बाहेर ओढायची. बऱ्याच वाघिणींवर ते जमतं आणि खर्च शून्य. पण ओढलेल्या चाकाची पकड पहिल्यासारखी राहत नाही. गाडी महिनाभर गुण्यागोविंदाने धावते, मग एक दिवस सांध्यावर (रूळ फुटतात तिथे) उडी मारते. उचलून बघावं तर एक चाक गुपचूप आत सरकलेलं. लॉकटाइट 603 ह्या चिकटद्रवाचा थेंब दिला की थांबतं, फक्त तो टोकाच्या बेअरिंगपर्यंत ओघळू द्यायचा नाही. यार्डात एका जागी उभ्या राहणाऱ्या वाघिणींना मी अजूनही हेच करतो. त्यांना नवी चाकं घेणं म्हणजे पैसे उधळणं.

आता भांडण. नव्या पाकिटातल्या काही जोड्या सांध्यावर अडायला लागल्या. ईएमच्या क्रॉसिंगमध्ये (सांध्यात रूळ रुळाला छेदतो तिथे) फ्लँज जायची फट, फ्लँजवे, 1 मिमीची, म्हणजे चेक रेल आणि समोरची विंग रेल ह्या चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये 16.2 मिमी. बॅक-टू-बॅक त्याच्या खाली गेलं की चाकं दोन्हीकडून आवळली जातात आणि वर चढतात. उलट, 16.5 पेक्षा फार वाढलं तर समोरची फ्लँज क्रॉसिंगच्या नाकावर आपटते. खेळायला जागा आहे ती एवढीच. व्हर्नियर लावला तर एक जोडी 16.5, दुसरी 16.3, आणि एक तर फिरवताना डगमगत होती. एका बाजूला एक माप, अर्धा फेरा दिला की दुसरं. विक्रेता म्हणाला, व्हर्नियर चाकांच्या मध्ये तिरका बसतो, आमचं गेज घ्या. म्हणजे त्याचा माल तपासायला मी त्याच्याकडूनच आणखी माल घ्यायचा!

घेतलं, दात-ओठ खात घेतलं. आणि इथे मत बदलावं लागतंय, कारण ह्या सगळ्या व्यवहारात सगळ्यात चांगली वस्तू निघाली ती तेच गेज. धातूचा छोटा ठोकळा. चाकांच्या मध्ये सरकवायचा, चाक हळूच पूर्ण फेरा फिरवायचं. आत गेलाच नाही तर जोडी अरुंद, खुळखुळला तर रुंद, एका जागी अडकून पुढे सुटला तर चाक आसावर वाकडं. आकडा वाचायची भानगड नाही. चांगल्या जोडीत तो असा घसटत जातो की बोटाला कळतं. अरुंद जोडी तिथल्या तिथे पिरगाळत बाहेर ओढली की काम संपतं. वाकड्या जोड्यांचे फोटो त्याच्याच गेजसकट पाठवले तेव्हा बदलून मिळाल्या. टपालखर्च मात्र माझ्या माथी. टॉलरन्समध्ये तेही बसत असावं. बाकी जोड्या मात्र फिरायला अप्रतिम आहेत. टेबलाला जरासा उतार असला तरी रिकामी वाघीण थांबत नाही. सुरुवातीला पाचपैकी दोन तारे देणार होतो, आता साडेतीन. गेजला वेगळे पाच.

उरलेला दीड तारा ब्रेकने खाल्ला. ह्याविषयी कोणी का बोलत नाही? हिशेब करा. ओओत चाकाचा आतला चेहरा मध्यरेषेपासून साधारण 7.25 मिमीवर, ईएमवर 8.25. बाहेरचा चेहरा मात्र चाक बारीक झाल्यामुळे जेमतेम अर्धा मिमी सरकतो. त्यामुळे पूर्वी जिथे सपाट तळ होता तिथे आता फ्लँज येते. नव्या साच्यातल्या वाघिणींत कंपनीने मोठ्या कौतुकाने ब्रेकचे ठोकळे ओओच्या चाकाच्या अगदी रेषेत दिलेत, आणि नेमके तेच फ्लँजला घासतात. माझ्याकडच्या जुन्या, ओबडधोबड वाघिणींत ठोकळे साच्याच्या सोयीसाठी बाहेर, जवळपास सोलबारच्या (चौकटीच्या बाजूच्या तुळईच्या) रेषेत आहेत. तिथे घासायचा प्रश्नच नाही, उलट ईएमचं चाक त्यांच्या जवळ आल्याने त्या आधीपेक्षा बऱ्या दिसतात. म्हणजे जितकी वाघीण महाग आणि नेटकी, तितकं काम जास्त.

ठोकळे नुसते आतून तासले तर गाडी फिरते. मीही पहिल्या काही वाघिणींना तेवढंच केलं. पण एकदा खालून बघितलं, अर्धवट खाल्लेला ठोकळा फ्लँजशेजारी लोंबतोय, आणि मग ते नजरेआड होईना. आता प्रत्येक ठोकळा टांगणीसकट ब्लेडने कापतो, मागे प्लास्टिकच्या पत्र्याची बारीक चकती चिकटवून बाहेर सरकवतो, चाक आणि ठोकळा ह्यांच्यात जाड कागद धरून अंतर ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्या पितळी तारेने नव्याने करतो. चाकं बदलायला पाच मिनिटं, ब्रेकला अख्खी संध्याकाळ. गाडी रुळावर उभी असताना हे कोणालाही दिसत नाही, हे मला घरात वारंवार सांगण्यात आलंय. पाकिटात चार ठोकळे आणि दोन टांगण्या टाकायला विक्रेत्याचं काय जाणार होतं?

बाकी गोष्टी थोडक्यात. वजन आसामागे 25 ग्रॅम धरा, दोन आसांच्या वाघिणीला 50; हलकी गाडी चांगल्या चाकांवरही नाचते. आस काही वाघिणींत सैल बसतो, तिथे पितळी बेअरिंग घाला. ओओची खेळण्यातली घट्ट वळणं विसरा. इंजिनांना मी अजून हात लावलेला नाही. बाहेर सिलिंडर आणि क्रॉसहेड (पिस्टनचा सरकता सांधा) असलेल्या वाफेच्या इंजिनात चाक बाहेर आलं की क्रँकपिनला (चाकाला दांडा जोडणाऱ्या खिळीला) जागा उरत नाही, तो वेगळाच तमाशा.

पुढची खरेदी डब्यांच्या बोगींसाठी 14 मिमीच्या चाकांची आहे. टपालखर्च दुसऱ्यांदा भरायची तयारी नाही, म्हणून विक्रेत्याला आधीच लिहिलंय: प्रत्येक जोडी तुमच्याच गेजवर पूर्ण फेरा फिरवून पाठवा, आणि बोगीच्या ब्रेकचं काय ते आत्ताच सांगा. पहिल्या भागाला "हो" आलंय. ब्रेकवर अजून काही नाही.