इन्व्हर्टर एसी : वर्षभराचा अनुभव आणि कॉइलवर धरणाऱ्या बर्फाची दोन कारणे

ठाण्यात रहदारीच्या रस्त्यालगत असलेल्या आमच्या घरी दीड टनाचा, थ्री-स्टार, आर-३२ या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणारा इन्व्हर्टर (म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरची गती गरजेनुसार बदलणारा) स्प्लिट एसी वर्षभराहून अधिक काळ वापरात आहे. थंडावा आणि वीजबिल या दोन्ही बाबतींत मी समाधानी आहे. मे महिन्यातल्या दुपारीही चोवीस अंशांवर खोली व्यवस्थित थंड होते आणि रात्री यंत्राचा आवाज जाणवत नाही. मात्र या काळात इनडोअर युनिटमध्ये दोनदा बर्फ धरला, आणि दोन्ही वेळा कारण वेगळे निघाले. ‘बर्फ धरला म्हणजे गॅस कमी झाला’ हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष पहिल्या वेळी साफ चुकीचा ठरला असता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एसी नीट चालत असताना इनडोअर युनिटमधली कूलिंग कॉइल (गॅस खेळणाऱ्या नळ्या आणि त्यांवरचे पातळ पत्रे) थंड असली तरी शून्य अंशाच्या वरच असते. हवेतले बाष्प तिच्यावर पाणी होऊन जमते, ट्रेमध्ये उतरते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. कॉइल शून्याखाली गेली की हेच पाणी जागेवर गोठते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधल्या फटी बुजतात, हवा कमी खेळते आणि त्यामुळे कॉइल आणखी थंड होते. एकदा सुरुवात झाली की बर्फ झपाट्याने वाढतो तो यामुळेच.

पहिला प्रसंग ऐन जुलैतला. मध्यरात्रीनंतर झोत मंदावला, सकाळी पुढचे झाकण उघडले तर संपूर्ण कॉइल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी पांढरी झालेली होती. आलेल्या मेकॅनिकने गेज (गॅसचा दाब मोजणारे मीटर) न लावताच गॅस भरण्याचा सल्ला दिला, तो मी नाकारला. जाळ्या स्वच्छ होत्या. पण हवा जिथून बाहेर येते तिथे विजेरी धरून पाहिले तेव्हा ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, प्रत्येक पात्याच्या खोबणीत ओलसर काळा थर घट्ट बसलेला दिसला. जाळीतून निसटणारी बारीक धूळ आणि पावसाळी दमटपणा यांचा तो लगदा होता आणि त्यामुळे कॉइलवरून पुरेशी हवा खेळत नव्हती. त्यात रात्री अठरा अंश आणि पंख्याची सर्वांत कमी गती ही जोड होती. बाहेरची हवाही गार असल्याने गॅसचा दाब मुळातच उतरलेला असतो. दुसऱ्या मेकॅनिकने ब्लोअर बाहेर काढून जेट पंपाने धुतला, पंख्याची गती मध्यमवर ठेवली, आणि त्या पावसाळ्यात पुन्हा बर्फ धरला नाही.

दुसऱ्यांदा, मार्चमध्ये, चित्र निराळे होते. जिथून गॅस कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच भागात बर्फ होता, उरलेली कॉइल कोरडी आणि जवळपास खोलीइतक्याच तापमानाची होती, आणि बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक पाइपवर हिमाचा थर होता. हे गॅस कमी असल्याचे लक्षण. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब घटतो, कमी दाबाला तो कमी तापमानावर उकळतो आणि कॉइलचा सुरुवातीचा भाग गोठतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गती वाढवून ही तूट बराच काळ झाकतो, त्यामुळे आम्हालाही ती उशिरा कळली. वास्तविक गॅस वापरून संपत नाही. यंत्रणा बंदिस्त असते, म्हणजे तो कुठून तरी गळतो. बाहेरच्या युनिटला पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटभोवती तेलकट डागावर धूळ चिकटली होती, साबणाचे पाणी लावताच तिथे बुडबुडे आले. पाइपचे टोक नव्याने फ्लेअर करून (पसरवून), नायट्रोजनने दाब तपासून, वॅक्युम पंपाने आतली हवा काढून आणि युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनावर मोजून भरल्यावर ते दुखणे संपले. गळती न शोधता वरचेवर गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणेच आहे, शिवाय आर-३२ काही प्रमाणात ज्वालाग्राही असल्याने ते धोक्याचेही आहे.

या दोन्ही गोष्टी ठीक असूनही बर्फ धरत असेल तर कॉइलवरचा सेन्सर जागेवरून निसटला आहे का हे पाहून घ्यावे, कारण कॉइल गोठण्याआधी कॉम्प्रेसर थांबवण्याचा इशारा तोच देतो.

बर्फ दिसताच कूलिंग बंद करून यंत्र नुसत्या फॅन मोडवर काही तास चालवावे आणि खाली जुने टॉवेल अंथरावेत, कारण ट्रेमध्ये मावणार नाही इतके पाणी उतरते. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये. आतली तांब्याची नळी सहज फुटते. तसाच एसी चालवत राहिल्यास द्रवरूप गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो निकामी होऊ शकतो, आणि सर्वांत महागडा भाग तोच.

या मॉडेलविषयी माझी एकच तक्रार आहे : ब्लोअर काढण्यासाठी अर्धे इनडोअर युनिट खोलावे लागते, त्यामुळे साध्या सर्व्हिसमध्ये मेकॅनिक तो सोडून देतात. पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसला तो काढून धुण्याचे आधीच ठरवून घ्यावे, आणि गॅस भरला असेल तर किती ग्रॅम भरला व गळती कुठे सापडली हे पावतीवर लिहून घ्यावे.