खालच्या दाढेचं इम्प्लांट: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

रूट कॅनाल केलेली खालची दाढ मुळापासून उभी चिरली आणि काढावी लागली. तीन महिन्यांनी त्या जागी इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात घट्ट बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवलं, आणखी चार महिन्यांनी त्यावर कॅप बसली. म्हणजे कॅप वापरायला लागून सात महिने झाले. माझं वय 58. ज्यांची तारीख ठरली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी सगळी भीती ऑपरेशनच्या दिवसाची धरून बसले होते आणि कसोटी लागली ती त्याच्या आधी आणि नंतर.

आधीचं सांगते. डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा मी फक्त बीपीची गोळी सांगितली. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दोन वर्षांपासून आठवड्यातून एकदा घेते ती गोळी माझ्या डोक्यातच आली नाही, कारण ती रोजची नव्हती. निघताना सहज बोलले आणि डॉक्टरांनी मला परत खुर्चीत बसवलं. या गटातल्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून यायला क्वचित त्रास होऊ शकतो. त्यांनी माझ्या फिजिशियनशी बोलून, धोका मला नीट समजावून, मगच पुढे जायचं ठरवलं. म्हणून कळकळीने सांगते, आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाच्या, सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुगर असेल तर आधी आटोक्यात आणा. आणि सिगारेट, तंबाखू सोडायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, कारण इम्प्लांट न धरण्याचं ते मोठं कारण आहे.

सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) कशाला, साधा एक्स-रे पुरे, असं मला वाटत होतं. स्कॅनमध्ये खालच्या जबड्यातून जाणारी नस स्पष्ट दिसली. तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर अंतर ठेवून इम्प्लांटची लांबी ठरते. नस दुखावली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. ते चित्र पाहिल्यावर स्कॅनबद्दलची कुरकूर संपली.

ऑपरेशन साधारण चाळीस मिनिटांचं. भूल दिल्यावर दुखलं नाही. दाब आणि कंप जाणवला, ड्रिलचा आवाज जबड्यातूनच कानात आला. सतत थंड सलाइन सोडत होते, कारण हाड 47 अंशांपुढे मिनिटभर जरी तापलं तरी त्याला इजा होते.

घरी आल्यावर वेदनाशामक गोळी भूल उतरायच्या आत घेतली, ते फार बरं झालं. बर्फ कापडात गुंडाळून वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. पहिले 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटता कामा नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात गाल पाहून मला रडू आलं, हनुवटीखाली पिवळट डागही उतरला होता. चौथ्या दिवसापासून ओसरायला लागलं. चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, ताप किंवा पू आला, किंवा भूल उतरायची वेळ टळून गेल्यावरही ओठ बधिरच राहिला, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. टाके आठव्या दिवशी काढले. क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने दातांवर तपकिरी डाग पडले आणि चव गेली. दोन्ही नंतर ठीक झालं.

खरी गडबड तिसऱ्या आठवड्यात झाली. दुखत नव्हतं, सूज नव्हती, मी त्या बाजूने कडक घास चावला. इम्प्लांटवर बसवलेली, हिरडीतून वर दिसणारी छोटी तात्पुरती धातूची टोपी जिभेला हलताना लागली. छातीत धस्स झालं. सुदैवाने फक्त टोपीचाच स्क्रू सैल झाला होता, इम्प्लांट पक्कं होतं. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की सुरुवातीला इम्प्लांट नुसतं हाडात आवळलेलं असतं. मग भोवतीचं जुनं हाड झिजून नवं तयार होत असतं आणि मधल्या काही आठवड्यांत पकड उलट कमी होते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1950च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे भाग सुटेनात, त्यातून हे सगळं शास्त्र उभं राहिलं; 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं. हाड असं टायटॅनियमला धरतं, पण महिने घेतं. दुखत नाही म्हणजे भरून आलं, हा हिशेब इथे चालत नाही.

कॅप बसल्यावर एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती. खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब जाणवणारे तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात. घास दाढेखाली आल्याचं गालाला, शेजारच्या दातांना कळतं. दाढेला कळत नाही. त्यामुळे आपण नकळत जास्त जोर लावतो. कॅप कुठे जास्त टेकते ते बघायला निळा कागद चाववून डॉक्टरांनी दोनदा तिची उंची घासून कमी केली, तेव्हा कुठे वरच्या दाताचा ठणका थांबला. रात्री दात खाण्याची सवय असेल तर गार्डबद्दल (रात्री दातांवर घालायच्या कव्हरबद्दल) आधीच विचारा.

आता चावण्याबद्दल तक्रार नाही. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत हाडाची पातळी चांगली आहे. तक्रार एकच, शेजारच्या दाढेच्या फटीत अन्न अडकतं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजली तर हाड झिजतं आणि ते बराच काळ दुखतही नाही, म्हणून ब्रश करताना रक्त दिसतंय का हे मी रोज बघते. फटीत घालायचा बारीक ब्रश पर्समध्येच असतो. पुढच्या तपासणीत ती फट कॅप बदलून बंद करायची का, ते ठरणार आहे.