खराब सांधे उकरून इपॉक्सी ग्राउट भरलं, त्याला आता आठ महिने झाले

फेब्रुवारीत बाथरूमची फरशी नवी केली. पाच बाय सात फूट जागा, एक फुटी अँटी-स्किड टाइल, 3 मिमीचे सांधे. नहाणी ट्रॅपकडे उतार अगदी बरोबर मिळाला, पण सांधे तीन आठवड्यांतच बिघडले. कुठे पांढुरके, कुठे काळपट, आणि नख लावलं की भुगा निघायचा.

कारणं दोन. ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांत भरायचा माल, इथे सिमेंटचा) भराभर पसरावं म्हणून मिस्त्रींनी ते पातळ कालवलं होतं. जादा पाणी उडून गेलं की आत बारीक पोकळ्या राहतात आणि माल भुसभुशीत होतो. त्यात दुसऱ्याच दिवशी टाइलवरचे डाग काढायला अ‍ॅसिड ओतलं. अ‍ॅसिड सिमेंटला खातंच, कच्च्या सांध्याला तर फारच.

"ताई, वरून व्हाइट सिमेंट मारून देतो," असं म्हणून त्यांनी मारलंही. पंधरा दिवसांत पापुद्रे सुटले. खालचाच थर ठिसूळ, त्यावरचा पातळ लेप धरणार कसा? हे कृपा करून कोणी करू नका.

मग मार्चमध्ये सगळे सांधे हाताने उकरले. टाइलच्या जाडीच्या दोनतृतीयांश खोल, म्हणजे सुमारे 6 मिमी. ग्राइंडर लावू दिला नाही, कडा उडतात. दोन दिवस त्यातच गेले. धूळ ओढून काढली आणि पंखा लावून फरशी पूर्ण सुकवली, कारण ओल्या धुळीवर इपॉक्सी चिकटत नाही.

इपॉक्सी म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट. त्याचे तीन भाग असतात: रेझिन (चिकट राळ), हार्डनर (ती घट्ट करणारं द्रव्य) आणि भुकटी. उन्हाळ्यात कालवलेला माल अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतो, म्हणून थोडा थोडाच कालवायचा. खरी कसोटी पुसण्याची. टाइलवर राहिलेला चिकट थर त्याच दिवशी कोमट साबणपाण्याने काढावा लागतो. कमोडमागे माझा हात पोचला नाही, तिथला चकाकता पट्टा अजून तसाच आहे. नंतर तीन दिवस पाणी सांडू दिलं नाही.

आता अनुभव. चौघांच्या रोजच्या अंघोळी, बोअरचं जड पाणी, अख्खा पावसाळा. टाइलवर क्षार बसतात, पण सांध्यांत बुरशी नाही की भुगा नाही. दिवाळीत उटणं आणि तेल सांडलं, तेही साध्या पाण्याने निघालं. राखाडी रंग घेतला ते बरं झालं, कारण पांढरं इपॉक्सी कालांतराने पिवळट पडतं. पैसे मात्र सिमेंटच्या ग्राउटच्या चार-पाच पट लागले.

एक उणीव राहिली. भिंत आणि फरशी मिळते तिथे केसाएवढी चीर पडली. त्या कोपऱ्यात कडक इपॉक्सी नव्हे, रबरासारखं लवचीक सिलिकॉनच हवं होतं. जुलैत ते काढून सिलिकॉन भरलं. आणि इपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खालच्या घरात ओल उतरत असेल तर टाइलखालचंच काम करावं लागतं, सांधे कितीही चांगले भरले तरी.