वाचकांच्या पत्रांचे सदर: सेवा मोलाची, नियमावली अपुरी

दैनिकाचे मासिक बिल भरणारा वाचक बातम्या, अग्रलेख, शब्दकोडे आणि जाहिराती एवढेच विकत घेतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याच पैशांत त्याला आणखी एक सेवा मिळत असते, ती म्हणजे छापून आलेल्या मजकुराला त्याच दैनिकात, आपल्या नावानिशी उत्तर देण्याची सोय. अंकातील इतर मजकुराची बरी-वाईट चिकित्सा घरोघरी होते, वाचकांच्या पत्रांच्या सदराची मात्र फारशी कोणी करत नाही. हे परीक्षण त्या सदराचे आहे. पत्र कोणी लिहावे, किती लांब लिहावे, कोणाच्या नावाने लिहावे, त्याला कात्री कोणी आणि कशी लावावी, आणि वाद कोठे थांबवावा, या पाच गोष्टींचे नियम जिथे स्पष्ट असतात तिथे सदर वाचनीय होते. जिथे ते संपादकीय विभागाच्या मनात असतात आणि वाचकाला ठाऊक नसतात, तिथे चांगली पत्रेही वाया जातात.

‘लोकसत्ता’तील ‘लोकमानस’ हे सदर नियमित पत्रे वाचणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचे आहे, म्हणून आधी त्याचा विचार करतो. त्यातील पत्राची एक ठरलेली घडण आहे. पहिल्याच वाक्यात ज्या मजकुराविषयी लिहायचे त्याचे शीर्षक अवतरणचिन्हांत येते, तो अग्रलेख होता की बातमी हे सांगितले जाते आणि कंसात तारीख दिली जाते. पत्राच्या शेवटी लेखकाचे पूर्ण नाव आणि गाव असते. दिसायला ही निव्वळ मांडणी आहे, परंतु तिच्यात तीन नियम दडलेले आहेत. शीर्षक आणि तारीख द्यावी लागल्यामुळे पत्रलेखकाला मूळ मजकूर वाचूनच लिहावे लागते आणि ज्याला पडताळा घ्यायचा आहे तो जुना अंक काढून पाहू शकतो. एका मजकुराला बांधून घेतल्यामुळे पत्र भरकटत नाही. नाव-गाव छापले जाणार हे माहीत असल्यामुळे भाषा आपोआप जबाबदार होते. या सदराची मला सर्वांत भावणारी बाब अशी की, अग्रलेखाशी सपशेल असहमत असलेली पत्रे तेथे ठळकपणे छापली जातात. स्वतःच्या मताला झालेला विरोध स्वतःच्याच पानावर छापणे हे कोणत्याही संपादकाला सोपे नसते, आणि सदराची किंमत त्यावरूनच ठरते.

नावाच्या नियमाबाबत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा. मराठी पत्रकारितेतील सर्वांत प्रभावी पत्रे टोपणनावाने लिहिलेली आहेत. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने १०८ पत्रे लिहिली, आणि तीच पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली. जातिभेद, विधवांची स्थिती, विद्येविषयीची अनास्था, ब्राह्मणवर्गाचा पोकळ अभिमान यांवर त्यांनी घातलेले घाव त्या काळाच्या मानाने फार खोल होते, आणि लिहिणारा स्वतः सरकारी नोकरीत आणि त्याच समाजात राहणारा होता. आजच्या सदराचा ‘नाव छापलेच पाहिजे’ हा नियम त्या वेळी काटेकोरपणे लावला असता तर त्या पत्रांचे काय झाले असते, हा प्रश्न आजच्या संपादकांनीही स्वतःला विचारावा. रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, मंत्रालयातील लिपिक यांना आपल्या क्षेत्राविषयी सर्वाधिक माहिती असते आणि उघडपणे बोलण्याची सोय सर्वांत कमी असते. त्यांच्यासाठी योग्य नियम असा की, नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक संपादकाकडे असलाच पाहिजे, छापायचा की नाही हे मात्र लेखकाने कारण देऊन सांगावे आणि संपादकाने ठरवावे. काही दैनिके विनंतीवरून नाव गुप्त ठेवतात. पण ही सोय आहे हे सदरात कोठे लिहिलेले नसेल, तर ज्याला तिची गरज आहे तो मुळात पत्रच पाठवत नाही.

संपादक इतकी काळजी का घेतो, हे समजण्यासाठी अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांच्या नावांची ओळ वाचावी. पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार मजकुराच्या निवडीची जबाबदारी संपादकाची, असा उल्लेख तेथे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. तो कायदा १८६७ चा होता आणि त्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. परंतु छापलेल्या पत्रातील बदनामीकारक मजकुरासाठी पत्रलेखकाबरोबर संपादकालाही न्यायालयात उभे राहावे लागू शकते, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. ‘व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य छापल्याने ती जबाबदारी टळत नाही. कोल्हापूर प्रकरण या संदर्भात आठवावे असे आहे. कोल्हापूरच्या महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली आणि त्यांची म्हणून हाती आलेली पत्रे प्रसिद्ध केली. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. ती वाचकांची पत्रे नव्हती हे खरे, पण दुसऱ्याने आणून दिलेला कागद खात्री न करता छापला की काय होते, याचा तो मराठी पत्रसृष्टीतील पहिल्या मोठ्या धड्यांपैकी एक आहे. पत्रलेखकाला संपादकीय विभागातून दूरध्वनी येतो आणि ‘हे पत्र आपणच पाठवले आहे ना’ असे विचारले जाते, तेव्हा त्याने राग मानू नये. ती चौकशी होणे हे चांगल्या सेवेचे लक्षण आहे.

निवडीचे निकष काय असावेत, याबाबत भारतीय पत्र परिषद (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) या वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत पुरेशी स्पष्टता आहे, आणि ती प्रत्येक पत्रलेखकाने एकदा वाचावी. वादग्रस्त विषयावर पत्रे मागवली म्हणून आलेले प्रत्येक पत्र छापण्यास संपादक बांधलेला नाही. तो काही निवडू शकतो, पूर्ण छापू शकतो किंवा सारांश देऊ शकतो. मात्र जे छापले जाईल ते एकतर्फी होऊ नये आणि मूळ प्रश्नावर बाजूने व विरुद्ध अशा दोन्ही मतांचा समतोल राहावा, यासाठी त्याने प्रामाणिक प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. दोन पक्षांकडून उत्तराला प्रत्युत्तर येत राहिले, तर ते कोणत्या टप्प्यावर थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकारही संपादकाचा आहे. हा शेवटचा नियम वाचकांच्या हिताचा आहे. एकाच दोन माणसांचा वाद सदरात आठवडाभर रेंगाळला की बाकीच्यांची जागा जाते, आणि तिसऱ्या पत्रापर्यंत मुद्दा मागे पडून व्यक्ती पुढे येते. ‘या विषयावरील पत्रव्यवहार येथे थांबवत आहोत’ अशी ओळ मराठी दैनिकांत पूर्वी अधिक दिसत असे. ती पुन्हा दिसावी.

आता या सेवेतील सर्वांत मोठी त्रुटी सांगतो, ती म्हणजे न कळवता केलेली काटछाट. जागा मोजकी असते, त्यामुळे पत्र आखडते घ्यावे लागणार हे कोणीही मान्य करील. माझी तक्रार कात्री लावण्याबद्दल नाही, ती कोठे लावली जाते याबद्दल आहे. आमच्या भागातील पाणीटंचाईविषयी एका दैनिकाला पाठवलेल्या पत्रात मी लिहिले होते, ‘टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवली जात नाही, असे अनेक रहिवाशांचे म्हणणे आहे, नगरपालिकेने ती नोंदवही नागरिकांना पाहण्यास द्यावी.’ छापून आले ते एवढेच: ‘टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवली जात नाही.’ खाली माझे नाव आणि गाव. रहिवाशांचे म्हणणे हा भाग गेला आणि ऐकीव गोष्ट माझा ठाम आरोप झाली. मागणी गेली आणि पत्राचा हेतूच उरला नाही. कात्री लावणाऱ्याने एक ओळ वाचवली, पण त्या ओळीच्या आधारावर कोणी नोटीस पाठवली असती तर ती मला आणि संपादकाला, अशा दोघांना आली असती. दुसऱ्या दिवशी मी मूळ मजकुरासह खुलासा पाठवला. तो छापून आला नाही.

यावर उपाय अवघड नाही. संपादकीय विभागाने पत्रातून वाक्ये गाळावीत, पण आपल्या पदरचे शब्द घालू नयेत. ‘असे म्हणतात’, ‘माझ्या माहितीनुसार’, ‘बहुधा’ यांसारखे शब्द शोभेसाठी येत नाहीत, विधानाचे वजन त्यांच्यावर ठरते, म्हणून त्यांना हात लावू नये. पत्र निम्म्याहून कमी केले असेल तर शेवटी ‘संक्षिप्त’ असे छापावे, म्हणजे वाचकालाही कळेल आणि लेखकाचीही अडचण होणार नाही. टीका करणाऱ्या पत्रांच्या बाबतीत तर संपादित मजकूर एकदा लेखकाला ई-मेलने दाखवावा. पोस्टकार्डाच्या काळात हे शक्य नव्हते, आज ते पाच मिनिटांचे काम आहे. शीर्षक देण्याचा अधिकार संपादकाचा असला, तरी पत्रात नसलेला आवेश शीर्षकात येऊ नये. शुद्धलेखन अवश्य सुधारावे, परंतु वऱ्हाडी किंवा मालवणी बोलीतील नेमका शब्द काढून त्याजागी गुळगुळीत पुस्तकी शब्द बसवला की चंद्रपूरचे पत्र आणि सावंतवाडीचे पत्र एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटू लागते. हे नुकसान छोटे दिसते, पण सदराचा सगळा जिवंतपणा त्यातच असतो.

पत्र नाकारले गेले तर ते कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. रोज येणारी पत्रे पाहता प्रत्येकाला उत्तर देणे शक्य नाही हे मान्य. तरी ‘आठ दिवसांत प्रसिद्ध न झाल्यास नाकारले असे समजावे’ एवढी ओळ सदराखाली कायमची छापली, तर तेच पत्र चार दैनिकांना एकाच वेळी पाठवण्याची प्रथा बरीच कमी होईल. आणखी एक गोष्ट खटकते. त्याच त्या नावांची पत्रे पुन्हा पुन्हा दिसतात आणि मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे यांचा त्यांत वरचष्मा असतो. यात त्या पत्रलेखकांचा काहीच दोष नाही. त्यांनी चिकाटीने लिहिले म्हणून ही परंपरा टिकली, दादरमध्ये वृत्तपत्रलेखकांचा स्वतःचा संघ उभा राहिला आणि दिवाळी अंकांच्या स्पर्धेसारखे उपक्रम त्यांनी चालवले. परंतु एका व्यक्तीचे महिन्यात ठरावीक संख्येपेक्षा अधिक पत्र घेऊ नये, असा नियम करून तो जाहीर केला, तर परभणी, गडचिरोली, पणजी येथील नव्या माणसाला जागा होईल. स्त्रियांची पत्रे मला संख्येने कमी दिसतात, आणि जी येतात ती बरेचदा शाळा, आरोग्य किंवा सण यांच्याशी जोडून छापली जातात. अर्थसंकल्पावर किंवा शेतमालाच्या भावावर लिहिणाऱ्या बाईचे पत्रही तितक्याच सहजतेने वर यायला हवे.

एकंदरीत ही सेवा वापरावी, असेच मी प्रत्येक वाचकाला सांगेन. मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन दिवसांत, एकच मुद्दा घेऊन, युनिकोड मराठीत टंकून पाठवलेल्या पत्राला जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. अनुभवाचा आधार असलेले एक वाक्य चार वाक्यांच्या संतापापेक्षा लवकर निवडले जाते. जो दावा आपण सिद्ध करू शकत नाही तो ‘असे ऐकले’ म्हणूनही लिहू नये, कारण ते दोन शब्द कात्रीत जाऊ शकतात. पाठवलेल्या पत्राची प्रत तारखेसह जपून ठेवावी.

आणि स्वतःविषयी चुकीचे काही छापून आले असेल, तर सदरासाठी पत्र लिहीत बसू नये. थेट संपादकाच्या नावे खुलासा पाठवावा. वाचकाचे पत्र छापणे हा संपादकाच्या मर्जीचा भाग आहे, पण ज्याच्यावर मजकुराचा परिणाम झाला त्याचे उत्तर विनामूल्य आणि ठळकपणे छापावे, असे पत्र परिषदेची आचारसंहिता सांगते. उत्तराच्या खरेपणाविषयी संपादकाला शंका असेल, तर शेवटी तो आपली छोटी टीप स्वतंत्रपणे जोडू शकतो. खुलासा पाठवूनही दाद मिळाली नाही, तर त्या पत्रव्यवहाराची प्रत आणि मूळ कात्रण जोडून परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिके आणि साप्ताहिके यांच्या बाबतीत ती मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पोहोचावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. आणि ज्याचे नाव चुकीच्या मजकुराला जोडले गेले, त्याच्या दृष्टीने तेही कमी नाही.